पंचवीसला अडलेला रॉड

मी शिकवतो त्या जिममधल्या एका ताईंच्या सरावाच्या वहीतलं ऑगस्टच्या मध्यावरचं पान समोर ठेवूनच लिहायला बसलोय.

ओव्हरहेड प्रेस, २५ किलो.
सोमवार: ४, ३, २.
शुक्रवार: ५, ३, ३.

ओव्हरहेड प्रेस म्हणजे उभं राहून रॉड खांद्यापासून डोक्यावर ढकलणं. आकडे म्हणजे तीन सेटमध्ये, मधे थांबून मारलेल्या तीन फेऱ्यांत, रॉड किती वेळा वर गेला ते. याआधी त्याच वहीत २५ किलो चार वेळा लिहिलेत, आणि पाच-पाचचे तीन सेट एकदाही पुरे झालेले नाहीत. पहिल्यांदा पंचवीस लावले ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे सव्वा महिना एकाच वजनाशी झटापट चालली होती. त्याच सव्वा महिन्यात स्क्वॉट (खांद्यांवर रॉड घेऊन बैठक) ४५ वरून ६० वर गेला आणि डेडलिफ्टने (जमिनीवरून रॉड उचलणं) पंचाहत्तरी ओलांडली. बेंचची (बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून ढकलणं) गत मात्र प्रेससारखीच, ३२.५ वर येऊन थांबलेली.

रॉडवर नव्याने सराव सुरू केलेल्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडतो, बायकांना त्याहूनही लवकर. पाय आणि पाठ पुढे जात राहतात, खांदे आणि हात अडतात. त्यावर जिममध्ये जे सल्ले मिळतात ते बहुतेक चुकीचे असतात. मी दिलेला पहिला सल्लाही चुकीचाच होता आणि त्यात ताईंचा महिना गेला. म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट मांडतोय.

ताई ३३ वर्षांच्या. उंची १५८ सेंटिमीटर, जूनमध्ये वजन ५६ किलो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहेत. दिवसभर हातात व्हर्नियर आणि गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं. मुलगा तिसरीत. शाळा सुरू झाल्या त्याच आठवड्यात त्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या छोट्या जिममध्ये आल्या. याआधी कधी वजन उचललेलं नव्हतं. कशासाठी यायचंय, असं विचारलं तर म्हणाल्या, "सर, भरलेला सिलिंडर हलवायला दर वेळी शेजारच्यांना हाक मारावी लागते. ते बंद करायचंय." इतकं स्पष्ट उत्तर फार थोडे लोक देतात.

कार्यक्रम साधाच होता. आठवड्यातून तीन दिवस. दर वेळी स्क्वॉट, पाचचे तीन सेट. एक दिवस प्रेस, पुढच्या दिवशी बेंच, असं आलटूनपालटून, तेही पाचचे तीन सेट. डेडलिफ्टचा पाचचा एकच सेट. सेट पुरे झाले की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे. आमच्याकडे सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो होतात, त्याहून कमी वाढवायची सोयच नव्हती. प्रेससाठी १५ किलोचा लेडीज रॉड वापरला. १५, १७.५, २० हे टप्पे सहज गेले. २२.५ दुसऱ्या खेपेला झाले. आणि मग पंचवीस.

आता माझी चूक सांगतो. पंचवीसला ओळीने तीनदा फेल गेल्यावर मी नेहमीचा उपाय केला, वजन दहा टक्के उतरवलं. २२.५ चे सेट त्यांनी व्यवस्थित मारले. पुन्हा २५ लावले: ४, ४, ३. मग मी आणखी खाली आणलं, थेट वीसवर. २०, २२.५, आणि पुन्हा पंचवीस. वर लिहिलेल्या ऑगस्टच्या पानावरचा सोमवार तो हाच.

वजन उतरवण्याचा उपाय वाईट नाही. अंगात थकवा साचला असेल तर तो निघून जातो आणि माणूस ताज्या दमाने चढतो. पण अडण्याचं कारण थकवा नसेल तर? पांडवलेण्याच्या वाटेवरची एखादी पायरी एकदम कमरेएवढी उंच असती, तर दहा पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढून आल्याने ती ठेंगणी झाली नसती. मी ताईंना दोनदा खाली उतरवलं आणि दोन्ही वेळा त्याच पायरीशी आणून उभं केलं. स्क्वॉट दर आठवड्याला वाढतोय हे डोळ्यांसमोर होतं. सगळं शरीर थकलेलं असतं तर सगळ्यात आधी स्क्वॉट अडखळला असता. तेवढी एक ओळ मी नीट वाचायला हवी होती.

पायरी किती उंच होती ते पाहू. २२.५ वरून २५ म्हणजे ११ टक्के वाढ. ६० किलोच्या स्क्वॉटवर अडीच किलो चढवले तर वाढ होते ४ टक्के. प्रेसइतकीच वाढ स्क्वॉटवर मागायची म्हटली, तर एका खेपेत साडेसहा किलोंहून जास्त चढवावे लागतील. कुठलाही ट्रेनर तसं सांगणार नाही. पण प्रेसच्या बाबतीत आम्ही रोज तेच सांगतो, कारण प्लेट सव्वा किलोची आहे. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, खांद्याचा स्नायू आणि दंडामागचा ट्रायसेप्स त्यांच्यापुढे लहान. एका सरावातून पुढच्या सरावापर्यंत दोघेही आपापल्या मापाने वाढतात. मोठ्या स्नायूला अडीच किलो पचतात, लहानाला अर्धा किलोच पचतो.

तालमीत हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पैलवान बैठका नेहमीच जोरांपेक्षा कितीतरी जास्त मारतो, आणि जोर वाढवायचे तर चार-दोन करून वाढवतो. तालमीत प्लेट नसल्यामुळे आकडा लहान-लहान करून वाढवता येतो. आम्ही लोखंड आणलं आणि ती सोय घालवून बसलो. वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही पूर्वी रॉडवरचं वजन अडीच किलोच्या पटीतच वाढवावं लागे, २००५ पासून ते एकेक किलोने वाढवता येतं. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली कर्णम मल्लेश्वरीला कांस्य मिळालं तेव्हा तिने दोन प्रकारांत उचललेल्या वजनांची बेरीज होती २४० किलो. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही २४२.५ वर गेली. अडीच किलोंना कुणी किरकोळ म्हणालं की मला ती बेरीज आठवते.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या शुक्रवारी मी आणखी एकदा वजन उतरवायच्या बेतात होतो. ताईंनी थांबवलं. म्हणाल्या, "सर, आमच्याकडे माल रिजेक्ट व्हायला लागला की मशीनला हात लावायच्या आधी गेज तपासतात. हे पंचवीस खरंच पंचवीस आहेत का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नसताना शेजारच्या किराणावाल्या काकांचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि जमिनीवर मांडून बसलो. ताईंनी वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले. आधी रॉड. मध्यावर तोलून ठेवला तर १५.२०. तो ठीकच होता. मग प्लेट्स एकेक करून. पाच किलोच्या प्लेट्स निघाल्या ४.७८ पासून ५.२४ पर्यंत. अडीचच्या २.३१ पासून २.६८ पर्यंत. सव्वाच्या १.१२ पासून १.४१ पर्यंत. बिडाच्या स्वस्त प्लेट्स अशाच ओतलेल्या असतात, वर रंगाचे थर चढलेले, कडा कुठेकुठे फुटलेल्या. त्यावरचा उठावदार आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. दहा वर्षं मी त्या प्लेट्स हाताळतोय, पण कधी काट्यावर ठेवल्या नव्हत्या.

ताईंनी तिथेच बेरीज केली. हलक्यात हलक्या प्लेट्स हाती लागल्या तर वहीतले '२२.५' म्हणजे २२.१४ किलो. जड प्लेट्स लागल्या तर वहीतले '२५' म्हणजे २५.६३. म्हणजे ज्या उडीला आम्ही अडीच किलो म्हणत होतो ती एखाद्या दिवशी साडेतीन किलोंचीही असू शकत होती, जवळपास १६ टक्के. कुठल्या दिवशी कुठल्या प्लेट्स लागल्या हे आता कुणीच सांगू शकत नाही. ४, ४, ३ नंतर ४, ३, २ आले तेव्हा मला वाटलं होतं की ताई मागे चालल्यात. कदाचित त्या दिवशी रॉडच जास्त जड होता.

आम्ही प्रत्येक प्लेटवर पांढऱ्या ऑइलपेंटने खरं वजन लिहिलं आणि जुळणाऱ्या प्लेट्सच्या जोड्या लावल्या. जिममध्ये हे एवढंच करायला एक दुपार लागते. ज्यांच्याकडे नव्या, मापाच्या प्लेट्स आहेत त्यांना याची गरज नाही. बाकी सगळ्यांनी करून पाहावं.

त्यानंतर मी नवीन काहीतरी सुरू करणार, तेवढ्यात ताईंनी दुसरी अट घातली: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला घाई होती, पण त्यांचंच बरोबर होतं.

म्हणून आधी वही पुन्हा वाचली. सहा अपयशांपैकी पाच वेळा पहिल्या सेटला चार झाले होते आणि एकदा पाच. पुढचे दोन सेट मात्र प्रत्येक वेळी घसरलेले. ज्याची ताकदच कमी पडते तो पहिल्या सेटलाच दोन-तीनवर थांबतो. पहिला सेट जवळपास पुरा होतो आणि मग आकडा गळत जातो, तेव्हा मी घड्याळाकडे बघतो. इथे मी ते उशिरा बघितलं. ताई दोन सेटमध्ये किती थांबतात ते न सांगता मोजलं: ७५ सेकंद, ८० सेकंद, एकदा तर ६०. कारण विचारलं तर क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मागे मुलं उभी असतात. झालं का ताई, झालं का ताई, चालू असतं. मग वाटतं, उरकून घ्यावं."

आमच्याकडे रॉड टेकवायचे रॅक दोनच आहेत आणि संध्याकाळी सहानंतर पाय ठेवायला जागा नसते. पण एवढी एक बाई रॅकजवळ अंग चोरून उभी राहते आणि माझं तिकडे लक्ष जात नाही, याचं मला फार वाईट वाटलं. जड सेटनंतर स्नायूतली तातडीची ऊर्जा बऱ्यापैकी भरून यायला तीन मिनिटं तरी लागतात, शेवटच्या सेटआधी चार-पाचही लागू शकतात. सव्वा मिनिटात दुसरा सेट मारला तर आपण दमाची परीक्षा घेतो, ताकदीची घेत नाही. ताई पहिल्या पाळीला असतात, त्यामुळे सराव साडेचारला आणला, तेव्हा जिम रिकामी असते. आणि रॅकशेजारी भिंतीवर मोठं घड्याळ लावून, जड सेट मारणाऱ्याला चार मिनिटं द्यायची असा नियमच केला. मुलांनी तो निमूट पाळला. त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी मापलेल्या प्लेट्स लावून बरोबर २५ किलो केले आणि सेटमध्ये चार-चार मिनिटं थांबलो. बाकी काही बदललं नाही. आकडे आले ५, ४, ४. त्याआधीच्या आठ दिवसांत ताईंनी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची पायी फेरीही केली होती. तरीसुद्धा तेरा रेप्स, म्हणजे तीन सेट मिळून तेरा वेळा रॉड वर गेला, आधीच्या सगळ्या खेपांहून जास्त. पण तीन सेट पुरे झाले नव्हतेच.

श्रावणाबद्दल इथेच सांगतो, कारण ऑगस्टच्या पानावरचा सोमवार त्याशिवाय समजणार नाही. ताई श्रावण पाळतात. म्हणजे अंडी बंद, आणि सोमवारी उपवास. सोमवार हाच आमचा सरावाचा पहिला दिवस. त्या दिवशी दिवसभरात पोटात काय गेलं होतं? सकाळी चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, चारला केळं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. वर रात्रीची झोप साडेपाच तासांची, कारण पहिल्या पाळीची बस पहाटे.

उपवास सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. ते माझं काम नाही, आणि त्याची गरजही नसते. श्रावणापुरता सराव मंगळवार-गुरुवार-शनिवारवर नेला. उपवासाच्या दिवशी खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत वाटीभर दही, रात्री दूध. मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पाव लिटर दुधातून आठ. एरवीच्या दिवसांचंही मोजून पाहिलं. सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, रात्री वरण-भात. सगळं धरून पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. ताकदीचा सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम धरायचे असतात, म्हणजे ताईंना नव्वद. अर्ध्यावरच गाडी होती. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं वरण आपण खायचं, ही सवय त्यांना स्वतःलाच लिहून काढल्यावर दिसली.

बदल असे केले: डब्यात भाजीसोबत मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ. सरावानंतर पन्नास ग्रॅम सोया चंक्सची भाजी, त्यातून पंचवीस-सव्वीस ग्रॅम मिळतात. रात्री दूध. आठवड्यातून दोनदा पनीर. गणपती झाल्यावर अंडी पुन्हा सुरू. महागडी पावडर घेतली नाही. घेतली असती तरी बिघडलं नसतं, पण घरच्या स्वयंपाकात भागलं. नोव्हेंबरपर्यंत वजन ५८.५ झालं. या दोन-अडीच किलोंची ताईंना सुरुवातीला धास्ती होती. कमरेचं माप जवळपास तेवढंच राहिलंय, हे टेपने मोजून दाखवल्यावर ती गेली.

आता लहान प्लेट्स. अर्धा-अर्धा किलोच्या प्लेट्स बाजारात मिळतात, पण आम्हाला लगेच हव्या होत्या. ताईंनी वहीत गणित मांडलं. साध्या लोखंडी पत्र्याची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. सहा मिलिमीटर जाडीची, बाहेरून १२७ मिलिमीटर व्यासाची चकती कापायची, मध्ये ५१ मिलिमीटरचं भोक, म्हणजे ५० च्या रॉडवर सैलसर बसेल. वजन आलं ५०० ग्रॅम. तीच चकती तीन मिलिमीटर पत्र्याची केली की २५० ग्रॅम. अंबडमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेझर कटिंगच्या उरलेल्या पत्र्यातून दोन जाड आणि दोन पातळ कापून आणल्या, कडा घासून घेतल्या. काट्यावर ठेवल्या तर ४९९, ५०१, २५१, २४९. ताईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मला पंचवीस किलो पुरे झाले तेव्हाही दिसला नाही. मापात बसलेली वस्तू हातात घेण्याचं सुख त्यांनाच ठाऊक.

पातळ जोडी लावली की अर्धा किलो वाढतो, जाड जोडी लावली की एक. ज्यांच्या गावात लेझर कटिंग नाही त्यांनी मोठे वॉशर मोजून तारेत ओवावेत, किंवा सायकलच्या जुन्या चेनचे दोन सारखे तुकडे काट्यावर मापून रॉडच्या दोन्ही टोकांना गुंडाळावेत. दोन्ही बाजूंना सारखं आणि माहीत असलेलं वजन, एवढीच अट. दिसायला कसं का असेना.

नवी सुरुवात २२ किलोंपासून, २५ पर्यंत एकेक किलो, पुढे अर्धा-अर्धा. खाली यायचं कारण या वेळी वेगळं होतं. हलक्या वजनावर रॉडची वाट सुधारायची होती.

ही वाट फोनच्या व्हिडिओत नीट कळेना, म्हणून मी गवंड्याचा ओळंबा आणला आणि रॅकच्या आडव्या पट्टीवरून अशा बेताने सोडला की कॅमेऱ्यातून पाहताना दोरी रॉडच्या टोकाला छेदून जाईल. रॉडच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावली. मग बाजूने व्हिडिओ घेतला. दोरीच्या सरळ रेषेवर लाल ठिपका खांद्यापाशी बरोबर होता. हनुवटीपाशी आला की तो पुढे सरकायचा, भुवईच्या उंचीवर दोरीपासून तब्बल चार बोटं लांब, आणि मग वळसा घालून डोक्यावर परत यायचा. जवळपास प्रत्येक अपुरा रेप त्या भुवईच्या उंचीवरच मरत होता.

कारण अगदी साधं, हनुवटीला रॉड लागेल ही भीती. चेहरा जागेवर ठेवून ताई रॉडला चेहऱ्याभोवती फिरवत होत्या. रॉड जितका पुढे, तितका खांद्याच्या सांध्यावरचा ताण जास्त, वजन तेवढंच असलं तरी. हातात भरलेली कळशी अंगाशी धरली तर पेलते आणि हात लांब करून धरली तर पेलत नाही, तसंच. दुरुस्ती अशी केली: सुरुवातीला नितंब आवळून कंबर थोडी पुढे, छाती वर, म्हणजे चेहरा आपोआप मागे जातो. रॉड नाकाला चाटून सरळ वर. कपाळ ओलांडताक्षणी अंग रॉडच्या खाली आणायचं आणि वर खांदे कानांकडे उचलून कोपर पूर्ण सरळ करायचे. श्वास खाली असताना भरून घ्यायचा आणि रेप होईपर्यंत धरायचा. मनगट मागे मुडपलेलं नको, रॉड तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर हवा.

कंबर पुढे नेताना एक सावधगिरी हवी. ती थोडीच न्यायची आणि पोट घट्ट ठेवायचं. पाठ मागे वाकवून छातीने ढकललं तर प्रेसचा उभा राहून मारलेला बेंच होतो. ऑलिम्पिकमध्ये प्रेस हा प्रकार १९७२ च्या म्युनिकपर्यंत होता. नंतर तो काढून टाकला, कारण खेळाडू इतके मागे झुकायला लागले होते की पंचांना निवाडा करणं अवघड झालं.

ओळंबा तीन आठवडे लटकत होता. तिसऱ्या आठवड्यात लाल ठिपका दोरीपासून बोटभरच लांब जात होता.

आणि आता वहीतले पुढचे आकडे. २२, २३, २४ सगळे पुरे. २५ पहिल्या खेपेला ५, ५, ४. माझ्या पोटात गोळा आला, पण ताई शांत होत्या. पुढच्या खेपेला, गणपती बसलेले असताना, २५ किलो: ५, ५, ५. त्या पानावर त्यांनी फक्त तारीख लिहिली आहे आणि खाली एक रेघ मारली आहे. मग २५.५, २६, २६.५, २७. नवरात्रात उपवास होते म्हणून एक खेप २७ वरच काढली. २७.५, २८, २८.५. २९ ला एकदा ५, ५, ४ झाले. दिवाळीच्या आठवड्यात सुट्टी. परत आल्यावर अर्धा किलो खाली येऊन पुन्हा २९, मग २९.५. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागायला लागले होते तेव्हा, ३० किलो: ५, ५, ५. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, टाकीचं वजन धरून भरलेला सिलिंडर साधारण तेवढाच. तो तर ताई ऑक्टोबरपासूनच एकट्या हलवतात.

बेंचलाही मापलेल्या प्लेट्स, चार मिनिटं आणि एक-एक किलो, एवढंच केलं. शिवाय रॉड गळ्याच्या बाजूला टेकत होता तो छातीच्या खालच्या भागावर आणला. ३२.५ वरून ४० पर्यंत फारसं काही न घडता गेला.

मधल्या काळात जिममधल्या लोकांनी ताईंना काय काय सुचवलं तेही लिहून ठेवतो, कारण तुम्हालाही ते सुचवतील. एकाने सांगितलं, शोल्डरचा वेगळा दिवस करा, डंबेलचे चार प्रकार मारा. साडेपाच तास झोपणाऱ्या आणि पंचेचाळीस ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्या माणसावर आणखी चार प्रकार लादले तर तो आणखी थकेल. दुसऱ्याचं म्हणणं, मनापासून जोर लावत नाही. हे ऐकून मला राग आला होता. सव्वा महिना रोज हरूनही जी बाई पहिल्या पाळीनंतर येऊन पुन्हा रॉडखाली उभी राहते, तिच्या मनाबद्दल शंका घेण्यात अर्थ नाही. तिसरा म्हणाला, बायकांचं अप्पर बॉडी वाढतच नाही. बायकांच्या वरच्या अंगात सुरुवातीला ताकद कमी असते हे खरं. पण सराव केल्यावर टक्क्यांत मोजलेली वाढ पुरुषांइतकीच होते. फक्त मुळातला आकडा लहान असल्यामुळे तीच टक्केवारी ग्रॅममध्ये मोजावी लागते, आणि आपल्या जिममध्ये ग्रॅममधल्या प्लेट्स नसतात.

हा सगळा उपाय खांदा दुखत नसलेल्या माणसासाठी आहे. रॉड वर नेताना टोचणारी कळ येत असेल, हात मागे नेताना अडत असेल, तर प्लेट्सची मापं काढत बसू नये, ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं. आणि स्क्वॉट-डेडलिफ्टही त्याच सुमाराला थांबले असतील तर आधी झोप आणि जेवण बघावं. त्या अवस्थेत अर्ध्या किलोच्या चकतीचा काही उपयोग होत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला ताई ३०.५ वर अडल्या. तीन खेपा: ५, ५, ४; मग ५, ४, ४; पुन्हा ५, ४, ४. प्लेट्स मापलेल्या, घड्याळ भिंतीवर, जेवण ठीक, लाल ठिपका दोरीवर. या वेळी मी वजन उतरवलं नाही. दर वेळी तीनही सेट जड मारणं आता या खांद्यांना झेपत नसावं, असं वहीवरून दिसत होतं. म्हणून पाचचा पहिलाच सेट जड, आणि पुढचे दोन सेट दोन किलो कमी करून, असं केलं. थंडी वाढली होती, तेव्हा वॉर्म-अपही बदलला. पूर्वी ताई रिकाम्या रॉडवर दहा-बारा रेप्स मारून दमायच्या. आता रिकामा रॉड पाचचे दोन सेट, २० ला तीन, २५ ला दोन, २८ ला एक, आणि मग जड सेट.

गेल्या सोमवारी ३०.५ चा सेट पाचचा झाला, पुढचे दोन २८.५ ला पाच-पाच. शुक्रवारी ३१ लावायचे आहेत.